शनीकडे थेट बघायचं नाही

आमच्या डोंगरावर सूर्य मावळला की पांढरा उजेड चालत नाही. हे मी गेटवर लिहून लावलंय, जेवणघरात लावलंय, न्हाणीघराच्या दारावरसुद्धा लावलंय. टॉर्च हवाच असेल तर लाल काचेचा. मोबाइल खिशात. गाडी शेवटच्या वळणाखाली उभी करायची आणि पुढे चालत यायचं. वरच्या मोठ्या दुर्बिणीवर आमचे साहेब तासन्‌तास कुठल्यातरी फिकट दीर्घिकेचा फोटो घेत बसलेले असतात. त्यात एक हेडलाइट घुसला की सगळ्या रात्रीवर पाणी. मी इथली दुर्बीण चालवते. रात्रभर जागते, दिवसभर झोपते आणि नियम मोडणाऱ्यांवर खेकसते. डोंगरावर सगळे मला घुबड म्हणतात. गेटवरचे काका तेवढे आदरानं घुबडताई म्हणतात.

त्या रात्री पाहुणे होते. महिन्यातून एकदा आम्ही छोट्या घुमटातल्या दुर्बिणीतून लोकांना आकाश दाखवतो. रात्री मुक्काम, सकाळी रवानगी. सगळ्यांच्या हातात लाल टॉर्च देऊन मी त्यांना रांगेत उभं करत होते, तेवढ्यात खालच्या घाटातून एक पाव वर येताना दिसला.

हो, पाव. पिवळाधमक, टम्म फुगलेला, खरपूस कडांचा, लोडाएवढा. एका वळणाआड गेला की वाटायचं, चला, भास होता… की पुढच्या वळणावर पुन्हा झळझळीत हजर.

वॉकीटॉकी खरखरला. "घुबड, डोंगरावर सूर्य कोणी आणलाय?"

"सूर्य नाही सर. पाव आहे."

वॉकीटॉकी पुन्हा खरखरला. "काय आहे?"

"बघते मी," म्हणाले आणि तशीच उतारावरून पळत सुटले.

शेवटच्या वळणावर मी दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. ती बेकरीची व्हॅन होती आणि तो पाव तिच्या टपावर बसवलेला दिव्याचा बोर्ड होता. व्हॅन थांबली. खिडकीतून एक डोकं बाहेर आलं. पावाच्या उजेडानं माझे डोळे इतके दिपले होते की डोक्याला चेहरा आहे एवढंच कळलं.

"बंद करा तो!" मी ओरडले.

"होत नाही हो."

"होत नाही म्हणजे?"

"इंजिन चालू की पाव चालू. तशी वायरिंगच आहे. बाबांनी केलीये." आवाज शांत होता, वर त्यात हसू होतं. मला आणखी चीड आली. "पहाटेच्या अंधारात गिऱ्हाइकाला लांबून कळावं, पाव आला म्हणून."

"मग इंजिन बंद करा आणि चालत या! सगळे चालत आलेत."

"मी येईन हो," तो जरा आवाज उतरवून म्हणाला, "पण बाबांना अंधारात चालवत आणणं… त्यांचे डोळे अधू झालेत. ठेच लागून पडले तर काय करू?"

तेव्हा कुठे शेजारच्या सीटवर बसलेले म्हातारे गृहस्थ मला दिसले. मांडीवर हात ठेवून अगदी ताठ बसले होते, शाळेच्या पहिल्या दिवशी पोरं बसतात तसे. ते म्हणाले, "राहू दे रे. बाईंचा नियम आहे. आपण इथूनच बघू."

मी अंगातला जाड कोट काढला, व्हॅनच्या पायरीवर चढले आणि पावावर घातला. बाह्या दोन्ही बाजूंनी ओढून खाली गाठ मारली. पाव विझला. मग लाल टॉर्च घेऊन मी पुढे चालायला लागले आणि हेडलाइट बंद केलेली व्हॅन मुंगीच्या पावलानं माझ्यामागून वर आली. वर सपाटीवर पोचल्यावर इंजिन बंद झालं तेव्हा कोट काढायला गेले, पण गाठ काही केल्या सुटेना.

"थंडी वाजेल तुम्हाला," अंधारातून तो म्हणाला.

"मला सवय आहे."

"कोटाशिवाय?"

मी टॉर्च फिरवून घुमटाकडे चालायला लागले. खेकसण्यासारखं काही सुचलं नाही, हे खरं कारण.

*

घुमटात आल्यावर म्हाताऱ्या बाबांनी मला त्यांची हकीकत सांगितली. सगळा जन्म बेकरीत गेला. सगळं गाव झोपलेलं असताना उठायचं, भट्टी पेटवायची आणि ती तापेपर्यंत मागच्या गल्लीत उभं राहून वर बघत बसायचं. एकदा कुणा गिऱ्हाइकानं त्यांना एक न लुकलुकणारा पिवळसर ठिपका दाखवला आणि सांगितलं, हा शनी, याच्याभोवती कडं असतं.

"मी म्हटलं, फेकतोय," बाबा म्हणाले. "गोळ्याभोवती कडं, आणि कुठे टेकलेलं नाही? असं कधी असतं का? तेव्हापासून मनात आहे… एकदा स्वतः बघायचं. आता डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, जे बघायचं असेल ते लवकर बघून घ्या. पोराला विचारलं, काय बघायचं बाबा? म्हटलं, दुसरं काही नाही. तेवढं कडं."

शनी नुकताच पूर्वेच्या कड्यावरून वर आला होता. मी दुर्बीण लावली, स्टुलाची उंची नीट केली आणि सगळ्यांच्या आधी बाबांना बोलावलं. मुलानं त्यांना धरून स्टुलावर बसवलं. बाबा आयपीसला डोळा लावून बसले. बराच वेळ बसले. मग मागे सरकले आणि म्हणाले, "वा. छान आहे."

मी त्यांच्याकडे बघत राहिले.

शनी पहिल्यांदा बघणारा माणूस 'वा, छान आहे' म्हणत नाही. इतकी वर्षं मी याच स्टुलाशेजारी उभी आहे, मला विचारा. आधी तो काहीच म्हणत नाही. श्वाससुद्धा घेत नाही. मग विचारतो, 'हे खरं आहे?' आणि मग दहातले नऊ जण उठून दुर्बिणीच्या पुढच्या टोकाशी जातात, तिथे कुणी चित्र चिकटवलंय का ते बघायला. 'वा, छान आहे' असं माणूस फक्त दुसऱ्याच्या घरचा सोफा बघून म्हणतो.

पाठोपाठ मुलगा बसला. एक क्षण… दोन क्षण… "आईशप्पथ," तो पुटपुटला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "अहो, खरं आहे हे?" आणि खरोखरच उठला, टाचा उंचावल्या आणि नळीच्या तोंडाशी हात फिरवून आला.

"सापडलं का चित्र?" मी विचारलं.

"नाही," तो ओशाळून हसला. "पण तुमच्यावर भरवसा नाही. माणसाचा कोट काढून पावाला घालणारी बाई काहीही करू शकते."

लाल उजेडात मला त्याची फक्त हनुवटी दिसली आणि दातांची एक ओळ. मी घाईघाईनं पुढच्या पाहुण्याला बोलावलं. का कोण जाणे, त्यानंतर माझं लक्ष सारखं घुमटाच्या त्या कोपऱ्याकडे जात होतं. थेट नाही हं… आपलं असंच, जाता जाता. एकदोनदा जाता जाता बघायला गेले तर तिकडूनही कुणी जाता जाता बघत होतं.

पुढचे चार जण बघून झाले नाहीत तोच दरीतून धुकं चढायला लागलं. दमटपणाचा काटा पुढे सरकत गेला आणि लाल रेघ ओलांडली की घुमट मिटायचा, हाही नियमच आहे. नाहीतर आरशावर दव बसतं. कुरकुर करत फट मिटली. पाहुणे जांभया देत झोपायच्या खोलीकडे गेले. बाबाही गेले. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या उतरताना ते त्याला सांगत होते, "बघितलं हो मी. गोल गोल कडं होतं. अगदी छान." आणि मुलगा इतका खूश होता की लाल टॉर्च हलवत नाचतच चालला होता.

*

मी धुकं जायची वाट बघत जेवणघरात गेले तर तिथे भट्टीसारखी ऊब. ओव्हन पेटलेला, आणि लाल दिव्याखाली ओट्याशी बेकरीवाला कोपरापर्यंत पिठात.

"हे काय?"

"झोप येत नाही. ही माझी कामाची वेळ आहे." तो कणकेचा गोळा उलटा करून दाबत होता. "तुमच्या स्वयंपाकघरात पीठ होतं, यीस्ट होतं. हात शिवशिवत होते. सकाळी भरून देईन."

"नियम आहे, पाहुण्यांनी…"

"लिहून लावलाय?"

मी भिंतींवर नजर फिरवली. पीठ मळू नये असं कुठेच लिहिलं नव्हतं. मी निमूट ओव्हनजवळच्या बाकावर बसले. थंडीनं दात वाजायला लागले होते. त्यानं काही न बोलता चहाचा मग माझ्यापुढे सरकवला.

"काका तुम्हाला घुबडताई म्हणतात ना?" तो म्हणाला.

"म्हणतात."

"मी नुसतं घुबड म्हटलं तर चालेल?"

"ताई म्हणायला काय होतं?"

"काही नाही," तो गोळ्याकडे बघत म्हणाला. "उगाच आधीच नातं ठरवून कशाला ठेवा…"

मी चहात तोंड घातलं. लाल उजेडाचा एक फायदा असतो, त्यात कुणाचे गाल लाल झालेले कळत नाहीत.

मग आम्ही बोलत बसलो. तो पाव फुगण्याबद्दल बोलला, मी दुर्बिणीचे आरसे धुण्याबद्दल. लग्न-बारशाला जेवायला बसल्या बसल्या झोप लागते, हे दोघांचंही दुखणं निघालं. तो म्हणाला, त्याची मावशी अजून सगळ्यांना सांगते की पोरगा आळशी आहे, संध्याकाळी सातला झोपतो. मी म्हटलं, माझी आई सांगते पोरगी आळशी आहे, दुपारी चारला उठते. आणि मी त्याला एक गोष्ट सांगितली, जी मी कुणाला सांगत नाही. एक जण होता. चांगला होता. वर्षभर वाट बघून म्हणाला, तुझ्याशी संसार म्हणजे बंद दाराशी संसार; मी घरी येतो तेव्हा तू निघतेस. त्याचं काही चुकलं नव्हतं.

"वेळ चुकली होती," बेकरीवाला म्हणाला. "माणसं नाही."

रात्रीच्या या प्रहराला माझ्याशी जांभई न देता बोलणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते. मला फार बरं वाटत होतं, खरंच फार. आणि नेमकं तेव्हाच तो म्हणाला, "आज माझं एक मोठं काम झालं. बाबांनी आयुष्यात मागितलं असं काही नाही. एवढंच मागितलं होतं. आणि त्यांना दिसलं! आता डोळे गेले तरी…" त्यानं मनगटानं नाक पुसलं आणि पुन्हा गोळा मळायला लागला.

गप्प बसले असते तर सगळं गोड झालं असतं. तो सकाळी आनंदानं खाली गेला असता, पुन्हा कधीतरी आलाही असता. पण बाबांना ते कडं दिसलं नव्हतं, हे डोंगरावर दोघांनाच माहीत होतं. त्यातले एक स्वतः बाबा. आणि रात्र अजून संपली नव्हती.

"त्यांना दिसलं नाही," मी म्हटलं.

त्याचे हात थांबले. "काय?"

"शनी. तुमच्या बाबांना दिसला नाही. ते तुमच्यासाठी दिसला म्हणाले."

"तुम्हाला काय माहीत?"

"शनी बघितलेला माणूस तसं बोलत नाही. मी रोज…"

"तुम्ही रोज लोक बघता. माझे बाबा तुम्ही आज बघितलेत. तेही अंधारात." आवाज चढला नव्हता, पण त्यातलं हसू पार गेलं होतं. "इतकी रात्र जागून, भट्टी बंद ठेवून मी त्यांना इथे आणलं. ते एवढे खूश आहेत. आणि तुम्हाला सांगायलाच हवं होतं का?"

"अजून वेळ आहे म्हणून सांगितलं. सकाळी सांगून काय उपयोग होता?"

तो पुन्हा ओट्याकडे वळला. गोळा ओट्यावर आपटला, पुन्हा उचलून आपटला. मग हळूच म्हणाला, "गेल्या महिन्यात मी एक घाणा जाळला. कोळसा झाला नुसता. बाबांच्या पुढे ट्रे धरून विचारलं, कसा झालाय? म्हणाले, छान रंग आलाय." तो ओट्याला टेकून उभा राहिला. "मला वाटलं, थट्टा करतायत."

"खरं बोलतेय ती," दारातून आवाज आला.

बाबा उभे होते. त्यांनाही झोप लागली नव्हती; इतक्या वर्षांची सवय एका रात्रीत मोडते थोडीच. चौकट चाचपत ते आत आले. मुलानं धावत जाऊन त्यांना बाकावर बसवलं.

"बाबा, का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तू एवढा घाट चढवून आणलंस. म्हटलं, पोराचं मन कशाला मोडा." ते माझ्याकडे वळले, पण त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली. "बाई, माझं मधलं गेलंय. ज्याच्याकडे बघावं तिथे धुक्याचा गोळा. तुमच्याकडे बघितलं तर तुम्ही नाही, गोळा. कडेचं तेवढं राहिलंय. भिंत दिसते, दार दिसतं, पण पुढ्यातलं ताट दिसत नाही. तो तारा नेमका मधे होता. आता मधेच बघायचं म्हटल्यावर मी काय बघणार?"

"पुन्हा सांगा," मी म्हटलं.

"काय?"

"कडेचं दिसतं?"

"कडेचं सगळं दिसतं."

मी उठून उभीच राहिले. मग ताडकन बाहेर गेले. धुकं अजून होतं, पण पातळ झालं होतं, आणि डोक्यावर एकदोन तारे त्यातून डोकावत होते. मी आत येऊन म्हटलं, "बाबा, आम्ही घुबडंसुद्धा मधे बघत नाही. एखादी वस्तू फारच फिकट असली ना, की तिच्याकडे थेट बघितलं तर ती गायब होते. म्हणून आम्ही तिच्या शेजारच्या काळोखात बघतो. डोळ्याची कड अंधारात जास्त हुशार असते. इथे नवीन माणूस आला की त्याला पहिल्यांदा हेच शिकवतात. तुम्हाला ते मी आधीच शिकवायला हवं होतं, पण मला माहीत नव्हतं ना!"

बापलेक माझ्याकडे बघत राहिले. एक थेट, एक खांद्यावरून.

"म्हणजे…" मुलगा म्हणाला.

"म्हणजे आता धुक्यानं कृपा करायला हवी."

*

पाव फुगून भाजायला लागतो तेवढाच वेळ धुक्यानं घेतला. आम्ही तिघं ओव्हनपुढे बसून राहिलो. मधेच त्यानं स्वतःचा स्वेटर काढून माझ्या खांद्यावर टाकला; त्याला पिठाचा आणि भाजल्या कणकेचा वास होता. "रागावलोय अजून," तो म्हणाला, "पण थंडी ती थंडी." मी स्वेटर घट्ट ओढून घेतला. मनात एकच धाकधूक. आकाश उघडलं, त्यांना पुन्हा स्टुलावर बसवलं आणि पुन्हा काहीच दिसलं नाही, तर? एकदा मोडलेली आशा मी दुसऱ्यांदा मोडायला निघाले होते.

वॉकीटॉकी खरखरला. "घुबड, काटा उतरतोय. उघड."

धुकं दरीत उतरून दुधासारखं साचलं होतं. शनी आता पार उंच आला होता, आणि उंचावरची हवा संथ असते. पाहुण्यांना दिसला त्याहून कितीतरी स्थिर दिसणार होता. मी सगळ्यात मोठं दाखवणारा आयपीस लावला. बोटं गारठली होती, दोनदा हातातून निसटला. मग बाबांना बसवलं, त्यांचा डोळा नळीशी आणला आणि त्यांच्या कानाशी वाकले.

"शनीकडे बघू नका."

"अं?"

"तो नाहीच असं समजा. डाव्या बाजूला काळोख आहे ना? त्या काळोखात बघा. तिथेच बघत राहा. त्याच्याकडे वळायचा मोह होईल. वळायचं नाही."

"गोळाच आहे…" बाबा पुटपुटले. "गोळा… गोळा…"

"आणखी थोडं डावीकडे."

घुमटात आवाज नव्हता. दुर्बीण फिरवणाऱ्या मोटारीची बारीक घरघर तेवढी. बेकरीवाला माझ्या शेजारी उभा होता आणि त्यानं अंधारात माझा हात कधी धरला, मला कळलं नाही. कळलं तेव्हा मीच तो दाबून धरला होता.

बाबांचा श्वास थांबला.

ते काहीच बोलले नाहीत. त्यांची मान तशीच वाकलेली, तोंड किंचित उघडं. बराच वेळ. मग एकदम मागे सरकले, उठले आणि दुर्बिणीची नळी हातांनी चाचपत चाचपत पुढच्या टोकाकडे निघाले.

"बाबा, काय हवंय?" मुलगा पुढे झाला.

"थांब रे," ते म्हणाले. टाचा उंचावून त्यांनी नळीच्या तोंडाशी हात फिरवला. "कुणी काही चिकटवलंय का ते बघतोय."

मला रडू फुटलं. इतक्या वर्षांत मी या घुमटात रडले नव्हते. आरशावर ओल येते म्हणून तेही बहुतेक नियमाविरुद्धच असेल. बेकरीवाल्यानं वडिलांना मिठी मारली आणि दोघं तसेच उभे राहिले. बाबा त्याच्या पाठीवर थोपटत म्हणत होते, "टेकलेलं नाही रे कुठे. खरंच टेकलेलं नाही. अधांतरी आहे! मी त्या बिचाऱ्याला जन्मभर फेकाड्या समजलो."

ते पुन्हा स्टुलावर बसले आणि उजाडेपर्यंत उठलेच नाहीत. मधूनमधून 'अरे वा रे पठ्ठ्या' असं काहीतरी शनीला म्हणत होते. आम्ही दोघं मागे भिंतीला टेकून उभी होतो, हात तसेच.

"माफ कर," तो अगदी हळू म्हणाला. केव्हा 'तू' झालं, दोघांनीही विचारलं नाही.

"कशाबद्दल?"

"रागावलो म्हणून. मी तुझ्या जागी असतो तर गप्प बसलो असतो. गोड बोललो असतो. बाबांसारखाच आहे मी."

"मीही गप्पच बसणार होते," मी म्हटलं. "तुझ्याशी बोलताना बरं वाटत होतं… ते जाईल म्हणून भीती वाटली."

"गेलं का?"

मी नकारार्थी मान हलवली. अंधारात त्याला दिसली नसणार.

"अरे गाढवांनो," बाबा आयपीसवरून डोळा न हलवता म्हणाले, "आता तरी एकमेकांकडे सरळ बघा. रात्रभर चाललंय. हा बघतो तेव्हा ती नळीकडे, ती बघते तेव्हा हा छताकडे. मला मधलं दिसत नाही, म्हणून सांगितलं ना? कडेचं सगळं दिसतं."

*

साहेबांनी मोठा घुमट मिटला, पूर्वेला उजळलं आणि डोंगरावर पुन्हा पांढरा उजेड चालू झाला. आम्ही तिघं ताजा पाव घेऊन पायरीवर बसलो. तेव्हा मी त्याला पहिल्यांदा नीट बघितलं. रात्रभर हनुवटी, दात आणि आवाज एवढ्यावरच काम भागवलं होतं. उजव्या भुवईत पीठ होतं. नाक जरा मोठं होतं. डोळे जागून लालसर, आणि त्यात झोपेचं नावही नव्हतं.

"काय बघतेस?"

"थेट बघतेय. बाबांनी सांगितलंय."

"मग? गायब झालो?"

"नाही," मी म्हटलं. "आहेस."

त्यानं पाव मोडून अर्धा मला दिला. म्हणाला, "माझा पहिला घाणा निघतो तेव्हा तुझी रात्र संपते. मी हिशेब केलाय. तू झोपायच्या आधी जेवतेस, मी गाडी फिरवून न्याहारी करतो. एकच वेळ. बंद दार वगैरे काही नाही, दोघांचंही उघडंच असतं. रोज नाही जमणार, घाट लांब आहे. पण भट्टीला सुट्टी असेल त्या रात्री मी वर येईन. आणि तुझं आकाश ढगाळ असेल त्या रात्री तू खाली ये. मला तू आवडतेस, घुबड. ओरडतेस तेव्हासुद्धा. सांगून टाकतो, नाहीतर पुन्हा कडेकडेनं बघत बसायची पाळी यायची."

"मलाही," मी म्हटलं. "मलाही तू आवडतोस."

बाबा दरीकडे तोंड करून पाव चावत होते. "मीठ कमी पडलंय," ते म्हणाले, "पण आज कोण ओरडणार."

निघताना आम्ही व्हॅनपाशी गेलो. माझा कोट रात्रभर पावाला मिठी मारून बसला होता, दवानं ओलाचिंब. बेकरीवाला पायरीवर चढला, गाठीशी झटापट करून ती सोडवली आणि कोट झटकून माझ्या हातात दिला. बाबांना आत बसवलं, इंजिन चालू केलं आणि टपावरचा पाव भर उजेडात फिकट पेटला.

"पुढच्या वेळी येताना वायर कापूनच येतो," तो खिडकीतून म्हणाला. "तुला त्रास नको."

"खबरदार," मी म्हटलं.

"अगं, पण नियम?"

"नियम शेवटच्या वळणापासून लागू होतो. तिथपर्यंत लावून ये." मी ओला कोट छातीशी धरला. "मला लांबून कळायला हवं, कोण येतंय ते. वळणावर मी कोट घेऊन उभी असेन."